यंदा गेलेल्यांचं पान

दादा,

तुला मातीत ठेवलं तेव्हा शिपायांनी हवेत बंदुका झाडल्या आणि कब्रस्तानातल्या चिंचेवरचे सगळे कावळे एकदम उडाले. लोकांनी माना खाली घातल्या होत्या. मी वर बघत होते. कावळे काव काव करत गोल फिरले, आवाज थांबल्यावर परत येऊन आपापल्या फांदीवर बसले. एकालाही काही झालं नाही. मी डोळे मिटून घेतले. सून लूसी माझ्या शेजारी होती. तिला वाटलं मला भोवळ आली. माझा दंड धरून ती कानात म्हणाली, "रडा हो आई, मोकळ्या व्हा." मला रडू येत नव्हतं. मला शिसारी आली होती.

तेव्हापासून घरात माणसांची रीघ आहे. जो येतो तो तुझं चांगलंच बोलतो. जनरलसाहेब असे, गव्हर्नरसाहेब तसे. फुलांची मोठाली चक्रं ओट्यावर टेकवून ठेवली होती, ती उन्हानं कुजली. लष्करातले साहेब खुर्चीच्या कडेला बसतात, माझ्या हातचा चहा अर्धा ठेवतात आणि तुझ्या शिस्तीचं कौतुक करतात. मी मान हलवते. मी पहिल्यापासूनच कमी बोलणारी, त्यामुळे माझं गप्प राहणं कोणाला खटकत नाही. आणि चौथी शिकलेल्या बाईला जनरलबद्दल कोण विचारणार?

पण लिहायची सवय तूच लावलीस मला. पहिल्यांदा लढाईवर निघालास तेव्हा म्हणाला होतास, "मोने, फादरकडून लिहून घेतलेलं पत्र मला नको. तू लिही. कोंबड्यांचं लिही, भाताचं लिही, चुकलं तरी चालेल." मी लिहायची. तू ब्रह्मदेशातून उत्तरं पाठवायचास आणि खाली माझ्या चुका दुरुस्त करून द्यायचास. म्हणून आज कोणाला न सांगता हे लिहिते आहे. आता चुका राहिल्या तर राहू देत.

तुला आपला माळा आठवायचा का रे? गावठाणाच्या मागं, नाल्याच्या अलीकडं आपलं शेत होतं. भात पिकायला लागला की बा बांबूचा माळा बांधायचा आणि पाखरं राखायला आपल्या दोघांना वर बसवायचा. गोफण तुझ्याकडं, खडे गोळा करायचं काम माझ्याकडं. तुझा नेम असा की आंब्यावरची ठरवलेली कैरी तू पाडायचास. पण पाखरावर तू कधी खडा मारला नाहीस. मी एकदा गोफण हातात घेतली आणि थव्यावर नेम धरला, तर माझा हात धरलास. "वर मार, मोने. आवाजानंच उडतात ती. मारायची कशाला?" बा खालून ओरडायचा, "हा काय शेतकरी होणार! पाखरांचा सोयरा आहे हा!" सणाला कोंबडी कापायची वेळ आली की तू विहिरीच्या पलीकडं जाऊन उभा राहायचास, आणि सगळं झालं की विचारायचास, "झालं का?"

असा तू पलटणीत गेलास याचं आईला नवल वाटायचं. मला वाटायचं नाही. मला वाटायचं, असाच माणूस तिथं पाहिजे.

तुझे उपकार मी विसरलेले नाही. माझ्या नवऱ्याला, फेलिक्सच्या बापाला, छातीचं दुखणं झालं तेव्हा तू मेजर होतास. तू स्वतः आलास, त्याला लहान पोरासारखं हातांवर उचललंस, त्याच्या रक्ताच्या थुंकीनं तुझा कोरा सदरा भरला, पण तू तोंड फिरवलं नाहीस. लष्करी इस्पितळात त्याला ठेवलंस. तो जगला नाही, पण बरा मेला, स्वच्छ चादरीवर मेला. त्या सदऱ्याचे डाग मी धुतले आहेत. त्या दिवशी तुझ्यासाठी मी जीव दिला असता.

म्हणूनच पुढं जे झालं ते माझ्या घशाखाली उतरत नाही.

बदल एका दिवसात झाला नाही. खांद्यावरचे बिल्ले वाढत गेले तसा तू आमच्यापासून थोडा थोडा उंच होत गेलास. आधी काखेत छडी आली. मग आवाज बदलला. माझ्याच घरात पाणी हवं असलं तर "मोने, पाणी" म्हणणारा तू, "कोण आहे तिकडं?" म्हणायला लागलास. पाकिस्तानशी लढाई झाली, त्यानंतर तू जनरल होऊन घरी आलास. ओट्यावर बसून पाय पुढं केलास आणि कानशिलांवरचे केस पिकलेला एक शिपाई गुडघ्यांवर बसून तुझे बूट काढायला लागला. तू शेजारच्या जाकू म्हाताऱ्याशी बोलत होतास. बोलणं न थांबवता तू दुसरा पाय पुढं केलास. त्या माणसाच्या पाठीला घाम आला होता. मी त्याला पाणी दिलं तर तुझ्याकडं बघून त्यानं ते घेतलं नाही.

त्याच सुमाराला सरकारनं कारखान्यांसाठी आपली शेतं घेतली. गावातली माणसं तुझ्याकडं आली, "एक शब्द टाका वर." तू म्हणालास, देशाला कारखाने पाहिजेत. ते खरंही असेल. त्याबद्दल मी तुला बोल लावत नाही. आपला माळा होता तिथं आता कारखान्याचं फाटक आहे, आणि फेलिक्स त्याच फाटकातून आत जाऊन लेथवर उभा राहतो.

मग तू गव्हर्नर झालास. गावात बँड वाजला. जाकू काठी टेकत माझ्या दारात आला. "ए मोनी, तुझा भाऊ लाटसाहेब झाला! आता कोंबड्या मोकळ्या सोड, चोराची हिंमत नाही." तुला मिळालेला तो प्रांत कुठं आहे हे फेलिक्सनं मला शाळेच्या नकाशात दाखवलं. फार लांब, डोंगरांच्या पलीकडं. थोड्याच दिवसांनी तिथलं मंत्रिमंडळ मोडलं आणि सगळा कारभार एकट्या तुझ्या हातात आला.

त्या वर्षी तिथं धान्य नव्हतं. एक दिवस फेलिक्स पेपर घेऊन स्वयंपाकघरात आला आणि त्यानं वाचून दाखवलं. सरकारी तांदळाच्या गोदामासमोर लोक जमले होते, त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसं मेली, आणि गव्हर्नरसाहेबांनी हुकूम आपणच दिल्याचं सांगितलं. मी म्हटलं, "काहीतरी चुकीचं छापलंय. दादानं हवेत मारायला सांगितलं असेल." मी त्याला गोफणीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आई, ती गोफण होती."

त्याच वर्षीच्या आगेऱ्याला तू आलास. आपल्या गावठाणातला तो एकच सण तू कधी विसरत नसायचास. नव्या भाताच्या पहिल्या लोंब्या देवळात न्यायच्या, फादरनी त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडायचं, मग त्या घरोघर लावायच्या. आता शेतं नाहीत, म्हणून लोंब्या गोराईहून येतात. त्या वर्षी आपली मावशी स्वतः होडीतून खाडी ओलांडून आली होती, लोंब्यांची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून. तू गाडीतून उतरलास. गाडीवर झेंडा, पुढं पोलीस. गावच्या मंडळींनी ती जुडी तुझ्या हातात दिली. तू ती डोक्यावर उंच धरलीस, फोटो निघाले, आणि तू भाषणात म्हणालास, "मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. ह्या लोंब्या माझ्या बापाच्या शेतातल्या आहेत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीनं मला कोपरानं ढोसलं. "काय गं, माझं शेत याच्या बापाचं कधी झालं?"

मला हसू आलं नाही. ज्या शेतात तू माळ्यावर बसायचास ते नाहीसं झालेलं तू विसरला होतास, किंवा आठवत असून टाळ्यांसाठी बोलत होतास. दोन्हीत बरं काय ते मला ठरवता येईना.

मग आपण घरी जेवायला बसलो. तू, वहिनी, तुझ्याबरोबरचा तो तरुण कॅप्टन, मावशी, फेलिक्स, लूसी. नव्या तांदळाचा भात, मांदेलीचं कालवण, तुझ्या आवडीचे सुके बोंबील. आपल्या घरची रीत तुला माहीत होती. नव्याचा भात कोणी तोंडात घालायच्या आधी घरच्या मोठ्या बाईनं मधोमध केळीच्या पानाचा तुकडा मांडायचा. मागच्या आगेऱ्यापासून जे जे गेले त्यांचं नाव घेऊन एकेक मूठ भात त्या पानावर ठेवायचा आणि म्हणायचं, जेव आणि सुखानं जा. मग ते पान नाक्यावरच्या क्रुसापाशी ठेवून यायचं. आई म्हणायची, नाव घेतलं की माणूस उठतो आणि आपल्या वाटेला लागतो, नाव घेतलं नाही तर पानाशीच बसून राहतो. लग्नानंतरही मी बाच्याच घरात राहिले, म्हणून आई गेल्यावर हे काम माझ्याकडं आलं.

त्या वर्षी माझी नणंद गेली होती. तिचं नाव घेऊन मी एक मूठ ठेवली. तू कालवण ओतून भात कालवायला लागला होतास. "चल मोने, आटप. भूक लागलीय."

तेवढ्यात फेलिक्स म्हणाला, "मामा, तिथं लोक तांदूळच मागत होते ना?"

"मागत नव्हते. लुटायला आले होते."

"हातात काय होतं त्यांच्या?"

तू कॅप्टनकडं बघितलंस. कॅप्टन पानाकडं बघायला लागला. "पिशव्या," तू म्हणालास. "लूट न्यायला पिशवीच लागते."

"पण आधी हवेत मारायच्या ना, मामा?"

तू हसलास. तोंडात घास होता तरी हसलास. "हवेत मारणं म्हणजे गोळ्यांची नासाडी. आवाजाला आता कोणी भीत नाही. एकदा खाली मारल्या की वर्षभर शांतता."

"तिथं मी असतो तर?"

"तर तुलाही, बेटा. सरकार कोणाचा मामा नसतो."

हे वाक्य तुझं तुलाच आवडलं. वहिनींकडं बघून तू ते इंग्रजीत पुन्हा म्हणालास. मग मांदेलीचा काटा दातांतून ओढून ताटाच्या कडेला ठेवलास. त्या काट्याकडं बघताना मला जी किळस आली ती आजही येते. तेव्हापासून मी मांदेली घरात आणत नाही.

मी तुला आयुष्यात कधी उलटं विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. "दादा, किती माणसं गेली?"

"सहा." तू आठवायला लागलास. "की सात. सात असतील."

"त्यांची नावं?"

तू माझ्याकडं असं बघितलंस की जणू मी तुझ्याकडं आकाशातला तारा मागितला. "मोने, नावं लिहायला तिथं कारकून असतात."

मी उठले नाही, ओरडले नाही. माझे हातच चालले. मी टोपातला भात घेतला आणि नणंदेच्या मुठीशेजारी एकेक मूठ ठेवत गेले. सात ठेवल्या. नावं नव्हती, म्हणून नुसतं "जेवा" म्हटलं.

"हे कोणाचं?" तू विचारलंस.

"यंदा गेलेल्यांचं."

तू ताट ढकललंस. नवा भात जमिनीवर सांडला. "माझ्या बापाच्या घरात माझा अपमान!"

मावशी म्हणाली, "अपमान कसला रे? भात आहे तो."

तू उठलास, हातही धुतला नाहीस. वहिनी आणि कॅप्टन तुझ्यामागून धावले. मी दारापर्यंत आले. पायरीवर तू थांबलास, मागं वळलास आणि माझ्याकडं बघितलंस. तुझं तोंड उघडलं. तेव्हा क्षणभर तुझा चेहरा विहिरीपलीकडं उभ्या असलेल्या त्या पोराचा झाला, "झालं का?" विचारणाऱ्या. मग कॅप्टननं गाडीचं दार उघडलं आणि तू आत बसलास.

काय म्हणणार होतास रे? त्यानंतर किती वेळा मी तिथं तुझ्या तोंडात शब्द घालून बघितले. एकही बसत नाही.

तू परत आला नाहीस. मी दर उन्हाळ्यात मसाला कुटला की तुझी बाटली बाजूला काढून माणसाबरोबर पाठवायची. तिकडून छापील आभाराचं कार्ड यायचं, खाली दुसऱ्याच कोणाची सही. मुदत संपली, तू थंड हवेच्या बंगल्यात राहायला गेलास, आजारी पडलास. मला बोलावणं आलं नाही आणि मी आपणहून गेले नाही. आणि आता मरताना म्हणे तू सांगितलंस, मला आमच्या गावठाणातच पुरा. जिवंतपणी ज्या ताटावरून उठलास तिथंच परत आलास, आणि येताना बंदुकाही घेऊन आलास. त्या मात्र हवेत झाडल्या. एवढी गोष्ट त्या गोदामासमोर करायला तुझं काय जात होतं? कावळ्यांना मिळाली ती दया माणसांना का नाही?

आज आगेरा होता. तुला जाऊन पुरता महिनाही झाला नाही, तेव्हा आजच्या पानावर तुझी मूठ येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनी अजून इथंच आहेत. त्यांनी काल मला सांगून ठेवलं, "मोनी, ह्यांचं नाव नीट घ्या हं. पूर्ण नाव, हुद्द्यासकट. ह्यांना बरं वाटेल." त्या खोलीबाहेर गेल्यावर फेलिक्स माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "आई, मी एकदाच सांगतो. त्याचं त्या पानावर ठेवलंस तर मी ह्या घरात जेवणार नाही. ज्यांना मारलं त्यांच्या शेजारी त्याला बसवणार तू?"

फेलिक्स तसा शब्दाचा पक्का आहे. बापासारखा. मला एकच मुलगा, आणि मला एकच भाऊ होता.

फेलिक्स असं म्हणाला, कारण त्या सातांचं मी बंद केलेलं नाही, दादा. दर आगेऱ्याला त्यांच्या सात मुठी ठेवते. रीत एका वर्षाचीच आहे, पण त्यांची नावं कोणी घेतलेली नाहीत. फेलिक्सनं युनियनच्या माणसांना विचारून बघितलं, तिकडच्या कोणाला लिहूनही बघितलं. काही कळलं नाही. तेव्हा ती माणसं अजून पानाशीच बसलेली आहेत, असं मी धरते. दर वर्षी मी त्यांना भात वाढते आणि उठवू शकत नाही.

दुपारी पान मांडलं. वहिनी काळ्या साडीत समोर बसल्या. फेलिक्स बसला नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, चप्पल पायात. लूसी माझ्या तोंडाकडं बघत होती. मी सात मुठी ठेवल्या. मग हात टोपात घातला आणि तो तिथंच राहिला. भात गरम होता, बोटं भाजत होती. तुझी किळस येऊन तुला टाकून द्यावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी तो रक्तानं भरलेला सदरा डोळ्यांपुढं येत होता. मी मूठ भरली आणि त्यांच्या शेवटी, त्यांना लागून ठेवली. तुला वेगळं पान दिलं नाही.

दारात चप्पल वाजली. मी वर बघितलं नाही.

"नाव घ्या ना, मोनी," वहिनी म्हणाल्या.

मी विचारलं, "वहिनी, ह्या सात जणांची नावं तुम्हांला माहीत आहेत का?"

त्यांनी कोणाची असं विचारलं नाही. नजरेनं त्या मुठी मोजल्या. मग म्हणाल्या, "नाही. ह्यांनाही माहीत नव्हती." आणि पदर सावरून, "दर वर्षी ह्या दिवशी मला विचारायचे, मोनीनं त्या सात मुठी बंद केल्या असतील का? मी म्हणायचे, फोन करून विचारा. तर पेपर उघडून बसायचे."

रागानं विचारायचास की लाजेनं, हे मला आता कधी कळायचं नाही. मी वहिनींना म्हटलं, "मग दादाचंही नाव आज नको. ह्या सातांची कळली की सगळ्यांची एकदम घेऊ."

वहिनींनी मान हलवली की नुसती खाली घातली, ते मला समजलं नाही. पण त्यांनी भात ओढून घेतला. फेलिक्स दारातून आत आला, चप्पल बाहेर भिरकावली आणि माझ्या शेजारी बसला. "वाढ," एवढंच म्हणाला. मी "जेवा" म्हटलं आणि सगळे जेवलो.

संध्याकाळी मीच पान घेऊन क्रुसापाशी गेले. जाकूच्या नातवंडांनी तिथं मेणबत्त्या लावल्या होत्या. पान ठेवलं आणि जरा उभी राहिले.

दादा, आता तू त्यांच्यातच बसला आहेस. पुढं पोलीस नाहीत, दार उघडायला कॅप्टन नाही, नावं लिहायला कारकूनही नाही. तूच विचार. एकेकाला विचार, बापाचं नाव विचार, पिशवी घेऊन घरातून निघताना मागं कोण होतं ते विचार. ती सांगतील तेव्हा मध्ये बोलू नकोस. आणि सगळी पाठ झाली की मला कसंही करून कळव. मग मी त्यांची घेईन, आणि शेवटी तुझं.